वेणी घालणारे सर

देऊळघाटच्या बालवाडीत शरयू भाचीला, गार्गीला, न्यायला गेली आणि दारातच थबकली. वर्गात बाई नव्हत्या. सतरंजीवर मांडी घालून एक उंचापुरा माणूस बसला होता, दातात रिबीन धरून गार्गीची सुटलेली वेणी घालत होता.

"कोण तुमी? बाई कुठी गेल्या?" शरयूचा आवाज चढला.

त्यानं आधी रिबिनीचं फूल नीट बांधलं, मग वर पाहिलं. "मीच तो... शेखर. नवीन शिक्षक. लेकरं मलेही बाईच म्हणतात, सवयीनं."

"बालवाडीत? पुरुष?"

"काऊन, पुरुषाले गाणं येत नाही का?"

शरयू गार्गीचा हात धरून निघाली. आपण असं विचारलंच कसं, म्हणून घरी जाईपर्यंत ती स्वतःवरच चिडलेली होती. दुसऱ्या दिवसापासून वकिलाकडचं टायपिंग लवकर उरकून ती रोज हजर.

"आजही गार्गीच्या आई नाही आल्या?" शेखरनं एकदा विचारलं.

"तिले काम असते."

"रोजच?"

"रोजच. तुमाले अडचण आहे काही?"

"मले कायची अडचण... मी तं आजकाल वेणीच हळूहळू घालतो."

ती हसली, आणि हसू लपवायला गार्गीचं दप्तर उगाच झटकलं.

गाव मात्र हसत नव्हतं. आपलं लेकरू कोणत्या वर्गात आहे हे ज्या बापांना धड सांगता येत नाही, ते पारावर बसून म्हणायचे, बाईमाणसाचं काम करतो म्हणजे काहीतरी खोट असणारच. आणि हेच लोक वर रडणार, पोरांना वळण लावायला शाळेत एक गडीमाणूस नाही म्हणून. शरयूच्या अंगाचा नुसता तिळपापड व्हायचा.

संक्रांतीला बालवाडीत हळदीकुंकू होतं. सगळ्या बाया आत, शेखर बाहेर ओसरीत. वाण म्हणून कंगवे आणले होते, ताट शरयूच्या हातात होतं. तेवढ्यात संस्थेचे अध्यक्ष हिंमतराव दारात येऊन म्हणाले, "उद्यापासून शेखर ऑफिसात बसतीन. पुरुषाच्या हाती एवढाले लेकरं... लोकं नावं ठेवून राह्यले."

"काका," शरयू ताट घेऊनच उभी राहिली, "त्याईनं केलं काय, ते सांगा. घरी बापानं लेकराचं नाक पुसलं तं तुमी त्याले हसता. शाळेत सरानं पुसलं तं संशय घेता. मंग लेकरानं पुरुषाची माया पाहायची कुठी?"

ओसरीतून शेखर पुढे आला. त्याचा चेहरा उतरला होता, पण बोलला शांतपणे. "दादा, लेकराईची काळजी कराच. मी उद्यापासून वर्ग ओसरीत घेतो, सगळ्याईच्या डोळ्यासमोर. फक्त मले लेकरापासून तोडू नका."

"माही गार्गी सरांजवळच बसन," अनुपमावहिनी म्हणाली. मग शेजारची म्हणाली, मग तिच्या मागची. हिंमतरावांनी टोपी सारखी केली. "बरं, ओसरीत घ्या," म्हणून ते निघून गेले.

शरयू तशीच रागात ओसरीत गेली आणि शेखरच्या हातावर कंगवा ठेवला. मागे कोणीतरी फिस्सकन हसलं. पुरुषाला वाण... हसू दे मेलीला.

शेखरनं कंगवा मुठीत धरला. "वाण घेतलं म्हणजे लुटावंही लागते ना? आमच्या घरी... आईले सुनेच्या पहिल्या संक्रांतीची लई हौस आहे. पुढच्या वर्षी याल?"

"हळदीकुंकवाले?"

"नाही... सून म्हणून."

शरयूचा सगळा राग कुठच्या कुठे गेला. कान तेवढे तापले.

"माही वेणी कोण घालन?"

"मी. रोज."

"मंग ओसरीत बसून घालजा," ती आतल्या बायांना ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली, "सगळ्याईच्या डोळ्यासमोर."