पापुद्र्यात मुरलेलं

कारखान्यात त्यांना सगळे ताई म्हणत, वयानं थोरले असलेलेसुद्धा. बावीस वर्षं ताई एकच काम करत होत्या: प्लॅस्टिकच्या पातळ पापुद्र्यातून वायू किती पलीकडे जातो, ते मोजणं. या पापुद्र्याला भोकं नसतात. पाण्यात साखर विरघळावी तसा वायू त्यात विरघळतो, मुरत मुरत जातो आणि दुसऱ्या अंगानं बाहेर पडतो. म्हणून मोजणीआधी दोन्ही बाजूंना पंप लावून जुनं मुरलेलं सगळं उपसून काढायचं. नव्या पोरी इथं हटकून घाई करत. "आधी त्याचं पोट रिकामं होऊ दे गं," ताई म्हणत, "मग वाढ."

त्या आठवड्यात नव्या रिळातून कापलेला तुकडा मात्र रिकामा होईना.

सोमवारी दिवसभर पंप चालला. थांबवला, की दाबाचा काटा पुन्हा वर. ताईंनी रबरी कडी बदलली, नळ्या बदलल्या. पापुद्र्याच्या जागी पत्रा बसवला, तर काटा शून्यावर गप्प. पापुद्रा बसवला, की चढलाच. मंगळवारीही तेच. बुधवारी त्यांनी निघणारा वायू तपासयंत्रात सोडला. ओल होती, उच्छ्वासात असतो तसा कर्बवायू होता. नळीला हात लावला तर ती कोमट. काटाही सरळ चढत नव्हता. जरा चढे, थांबे, जरा चढे. ताईंनी घड्याळ लावून मोजलं. मिनिटाला चौदा वेळा.

"गळती असेल," साहेब दारातूनच म्हणाले.

"पत्रा लावून बघितलं साहेब. हे रीळ मी पास करणार नाही."

"नका करू. माझं काय जातंय? रुग्णालयाच्या यंत्राला लावायला दुसरा पापुद्रा नाहीये. उद्याचं ऑपरेशन तुमच्याच बहिणीचं ना? हृदय थांबवल्यावर तिच्या रक्तात प्राणवायू तुम्ही फुंकून घालणार का?"

"दोन-चार दिवस पुढं..."

"ते डॉक्टरांना विचारा."

डॉक्टरांना विचारून झालं होतं. शुक्रवारच्या पुढचा भरवसा त्यांनी दिला नव्हता.

ताईंनी सही केली.

पेनाला टोपण लावेपर्यंत काटा खाली आला होता. पंप बंद असताना. थेट शून्यावर.

ऑपरेशन उत्तम झालं. डॉक्टर स्वतः बाहेर येऊन सांगून गेले.

शनिवारी दुपारी ताईंना आत सोडलं. धाकटी उशीला टेकून बसली होती, गालांवर कधी नव्हे तो रंग. ताईंचे डोळे भरून आले. "जीव काढलास की गं माझा," तिच्या केसांतून बोटं फिरवत त्या म्हणाल्या. कारखान्यातलं त्यांनी कुणाजवळ काढलं नव्हतं. हिच्याजवळ तर नाहीच.

धाकटी त्यांच्याकडे बघत होती. वैऱ्याकडे बघावं तशी.

"तीन दिवस," ती हळूच म्हणाली. "तीन दिवस उपसत होतीस मला. आता उपसून दाखव."

ताईंचा हात तिच्या केसांतच राहिला.