काट्याच्या केबिनमधला ड्रॉवर

"काटा बरोबर हाये नं, बाई?"

डिंपलने मान वर केली. चामोर्शीचा बाजार ऐन भरात होता. आई, गोकुळा, चहाला उठली होती, म्हणून मासोळीच्या टोपल्यांपाशी आज तीच बसली होती — मांडीवर दुपट्यात गुंडाळलेली सोनू. आणि समोर हा... उंच, सावळा, शर्टाच्या खांद्यावर धानाचा भुसा. मासोळी सोडून तिच्या तराजूकडेच बघणारा.

"भाऊ, कॉलेज सुटल्यापासून राइस मिलचा काटा सांभाळला मी. ट्रकच्या ट्रक मोजले. तुमची पावभर मासोळी चुकंल का माह्याकडून?"

त्याच्या हातातली पिशवी खाली आली. "गावाबाहेरची मिल? म्हणजे... ड्रॉवरमधली पिवळी क्लिप तुमची?"

आता मात्र डिंपलचा तराजू हलला.

म्हणजे हाच तो! नवरा अपघातात गेला तेव्हा सोनू पोटात होती. डिंपल बाळंतपणाच्या सुटीवर असताना मॅनेजरचा फोन आला होता — नका येऊ आता, दुसरा माणूस ठेवला. तेव्हापासून त्या न पाहिलेल्या दुसऱ्या माणसावर ती मनातल्या मनात दातओठ खात होती. आणि तो निघाला असा, हसला की डोळे बारीक होणारा. मिथुन त्याचं नाव.

"फेकून द्या ती क्लिप," ती म्हणाली.

"फेकू काऊन? आणतो नं पुढच्या बाजारी. आणि ते भाऊ नका म्हणू, मॅडम."

पुढच्या बाजारी क्लिप आली. त्याच्या पुढच्या बाजारी आरसा. मग बडीशेपेची डबी.

"सारं एकदाच काऊन नाई आणत?"

"पिशवीत मावत नाई."

"तळहाताएवढा तं आरसा होता!"

"माही पिशवीच लहान हाये, मॅडम."

शेजारी बसलेली गोकुळा पाण्याचे हात झटकत म्हणाली, "या पोराले मासोळी आवडते का मासोळीवाली, पहा बरं एकडाव."

डिंपल हसली, आणि हसता हसता घाबरली. मांडीवर लेकरू, भोवती सारा गाव, एकेकाची नजर... ती त्याला चोरून न्याहाळायची. सोनूच्या गालाला बोट लावण्याआधी तो हात रुमालाला पुसतो, हे तिने पाहून ठेवलं होतं. आणि तो पुसायला कधी विसरतो, याची वाटही ती पाहायची.

मार्कंड्याच्या जत्रेत दोघं पुन्हा भेटले — म्हणे योगायोगाने! वैनगंगेच्या वाळूत मिथुन सोनूला खांद्यावर घेऊन चालत होता. ती त्याचा कान ओढत होती.

"वकीलबाई म्हणते, केस कर. बाळंतपणाच्या सुटीत असं काढता येत नाई," डिंपल हळूच म्हणाली. "बाबा म्हणते, नको करू."

बाबा म्हणजे इस्तारी. त्याच मिलमध्ये हमाल.

"बाबाले उद्या काढलं तं? केसवाली बाई म्हणून तालुक्यात मले कोण ठेवंल? आणि जिंकली तं... तुमची नोकरी जाते. तुम्हीच सांगा, करू का नको?"

त्याने खांद्यावरच्या सोनूचे पाय नीट धरले. मग म्हणाला, "ते मी नाई सांगत. ते तुमचं हाये. पण केली — तं साक्ष मी देतो."

"येडे हाये का तुम्ही?"

"तुमच्या खुर्चीत बसलो का पाठ दुखते, मॅडम. आणि तुम्ही समोर बसल्या का..." तो थांबला, "दुसरंच काही दुखते."

डिंपलने पटकन नदीकडे पाहिलं. कान गरम झाले होते. खांद्यावर सोनू खिदळली. ही पोरगी उद्या मोठी होईल आणि विचारेल, आई, तू चूप काऊन बसली? मग काय सांगायचं हिला?

"करतो मी केस," ती म्हणाली.

केस सुनावणीला निघायला पुढची थंडी उजाडली. चंद्रपूरच्या कामगार कोर्टात मिलचा वकील ठासून सांगत होता, की बाईंनी काम आपणहून सोडलं. डिंपलने मागे वळून पाहिलं. मागच्या बाकावर, इस्त्रीचा पांढरा शर्ट घालून, चक्क इस्तारी येऊन बसला होता.

मिथुन साक्षीला उभा राहिला. खिशातून त्याने लाल लोकरीचा एक इवलासा मोजा काढला. अर्धाच विणलेला, सुया तशाच अडकलेल्या.

"साहेब, हा काट्याच्या ड्रॉवरात होता. ट्रकची वाट पाहता पाहता मॅडम विणून राह्यल्या होत्या. कायमची जाणारी बाई सुया अशा ठेवून जाते का? आणि मले ठेवताना मॅनेजर म्हणाले, बाई लेकुरवाळी झाली, आता कामाची नाई. माह्या कानानं ऐकलं."

मिलच्या वकिलाने घसा खाकरला. मग कागद चाळू लागला. डिंपलला मोजा धूसर दिसू लागला. सगळं आणून दिलं होतं त्याने... हाच तेवढा जपून ठेवला होता.

निकाल लागला. कामावर परत घ्या, बुडालेल्या पगारासकट!

ती मिलच्या फाटकातून आत शिरली, तेव्हा हमालांनी पोती खाली टाकून शिट्ट्या मारल्या. रांगेतल्या ट्रकवाल्यांनी हॉर्न वाजवले. सर्वात मोठ्याने ओरडला इस्तारी, "माही पोरगी हाये थे!" मॅनेजरने नजर चुकवत केबिनची किल्ली पुढे केली.

खुर्ची रिकामी होती. मिथुन सकाळीच हिशोब करून, मासेमारी सोसायटीच्या तलावावर कामाला निघून गेला होता. तिने ड्रॉवर उघडला, आणि फसकन हसली. कंगवा. टोपण नसलेला पेन. रुमाल. गॉगल. सगळं त्याचंच, मुद्दाम मांडून ठेवलेलं!

तिने फक्त कंगवा उचलला, ड्रॉवर लावून टाकला.

बाजारी तो आधीच येऊन उभा होता. सोनू दुडूदुडू धावत गेली आणि त्याच्या पायाला बिलगली.

"हे राह्यलं होतं तुमचं."

"एवढंच? बाकीचं?"

"माही पिशवी लहान हाये... मिथुन."

भाऊ नाही, काही नाही. नुसतंच मिथुन. त्याचे डोळे बारीक झाले. त्याने खिशातून लाल मोजा काढून तिच्या हातावर ठेवला.

"आता कशाले हा? सोनूले होत नाई."

"तरी पुरा करून ठेवा," तो मोज्याकडेच बघत म्हणाला. "आपल्याले... लागंल कधी."

गोकुळाने तोंडाला पदर लावला. डिंपल वळून शेजारच्या सुईदोऱ्याच्या दुकानापाशी गेली, आणि साऱ्या बाजाराला ऐकू जाईल अशा आवाजात म्हणाली,

"लाल लोकर हाये का जी? अशीच पाहिजे!"