उजवीकडची खुर्ची

ब्रिन फ्रीसेनला त्या दुपारी दुधाचे खोके, डायपर आणि पिठाची पोती ब्लॅकफिश रिव्हरला जाणाऱ्या विमानात चढवायची होती, एवढंच. तीन वाजले होते आणि कॅरिबू नॅरोजच्या धावपट्टीवर अंधार पडला होता. डिसेंबरात तिथे तो त्याच सुमारास पडतो, त्याचं कुणाला काही वाटत नाही. पारा उणे चाळीसच्या खाली. पावलागणिक बर्फ किंचाळत होतं. इंजिन गरम ठेवणाऱ्या हीटरच्या डिझेलचा वास नाकात बसला होता आणि पापण्या एकमेकींना चिकटत होत्या.

ब्रिन वैमानिक होती. परवाना खिशात होता, आणि अंगात होती पोती वाहून भरलेली पाठ. उत्तरेकडच्या या लहान कंपन्यांची रीतच अशी. वैमानिकानं आधी जमिनीवर राबायचं. सामान चढवायचं, पंखांवरचं दंव झाडायचं, शौचालयाची टाकी उपसायची, आणि कॅप्टनच्या उजवीकडची खुर्ची कधी मिळते याची वाट बघायची. "वसंतात बघू," असं मुख्य वैमानिक मॅडिगन म्हणायचा. ब्रिननं त्याचे दोन वसंत बघितले. बर्फ वितळलं, डास आले, डास गेले, आणि ही आपली पोत्याखाली. त्याचं ते "बघू" आठवलं की तिच्या डोक्यात तिडीक जायची. नोकरी सोडावी तर इतके दिवस राबलेलं सगळं पाण्यात. हे मॅडिगनला चांगलं ठाऊक होतं, म्हणून तर तो निवांत होता.

आणि आज अचानक त्यानं दारातून हाक मारली होती.

"ए फ्रीसेन! माझा सहवैमानिक तापानं आडवा झालाय. सामान चढव आणि ये. आज तू बस उजवीकडे."

हातमोजे बदलायला ती ऑफिसात शिरली. रोझेला बिअर्डी रेडिओपाशी बसून चहात बॅनकच्या जाड रोटीचा तुकडा बुडवत होती. मालाचं काउंटर आणि रेडिओ दोन्ही तीच सांभाळायची. सगळ्या विमानतळाची ती मावशी, आणि तोंडाची फटकळ.

"रोझेला, आज मी उडणार!"

रोझेला हसली नाही. "थिबोलाही असाच आनंद झाला होता."

थिबो हे नाव ब्रिनला माहीत होतं. क्वेबेककडचा पोरगा. ब्रिन इथे यायच्या आधीच्या हिवाळ्यात इंजिनाच्या पंख्यात सापडून गेला. नव्या माणसांना कंपनी त्याचं उदाहरण द्यायची, 'निष्काळजीपणा केला की काय होतं बघा' म्हणून.

"निष्काळजी?" रोझेला कप आपटत म्हणाली. "अगं, त्याच्याइतका नेटका पोरगा या धावपट्टीवर दुसरा झाला नाही. मागचं दार लावलं की तू काय करतेस?"

"विमानाच्या पोटावर दोन थापा मारते."

"म्हणजे काय?"

"म्हणजे दार लागलं, मी बाजूला झाले, कॅप्टननं निघावं."

"हां. त्या दिवशी त्यालाही मॅडिगननं असंच सांगितलं होतं, आज तू उजवीकडे बस. पोरानं सामान चढवलं, दार लावलं आणि हाताच्या सवयीनं दोन थापा मारल्या. मग उजव्या पंख्याजवळून पळत पुढच्या दाराकडे निघाला, आपल्या खुर्चीत बसायला. आणि मॅडिगननं थापा ऐकून उजवं इंजिन चालू केलं."

ब्रिननं अर्धा घातलेला हातमोजा परत काढला. "पण… शेजारची खुर्ची रिकामी होती ना? ती दिसली नाही त्याला?"

"हेच मी चौकशीवाल्यांना विचारलं. 'थापा ऐकू आल्या, नियमाप्रमाणे निघालो,' एवढंच मॅडिगन म्हणाला, आणि तेवढंच त्यांनी मानलं." रोझेलानं तिचा हात धरला. "आज तू थापा मारू नकोस, पोरी. आणि तुला काही ऐकू आलं तर…"

तेवढ्यात बाहेरून मॅडिगन ओरडला आणि तिचं वाक्य तसंच राहिलं.

ब्रिननं शेवटचं पोतं आत ढकललं, जाळी ताणून बांधली आणि मागचं दार लावलं. हात आपसूक वर गेला होता. तिनं तो दुसऱ्या हातानं खाली ओढला. पंख्यापासून लांब वळसा घेऊन ती पुढे आली, दोन पायऱ्यांची शिडी चढली आणि उजवीकडच्या खुर्चीत बसली.

खुर्ची ऊबदार होती. विमान सकाळपासून थंडीत उभं होतं. धातू बोटांना चिकटत होता आणि खुर्ची मात्र कुणी नुकतंच उठून गेल्यासारखी ऊबदार.

"पट्टा बांध," मॅडिगन म्हणाला. "आणि कशालाही हात लावू नकोस."

तेवढ्यात मागे, विमानाच्या पोटावर, थाप पडली. मग दुसरी.

"झालं. चला," म्हणत मॅडिगनचा हात इंजिनाच्या बटणाकडे गेला.

"कॅप्टन… थांबा. थापा कुणी मारल्या?"

"कुणी म्हणजे? ज्यानं सामान चढवलं त्यानं."

"सामान मी चढवलं."

त्याचा हात थबकला. पण तो दचकला नाही. ब्रिन त्याच्याकडे बघत राहिली आणि तिच्या लक्षात आलं, की हा माणूस या थापा आज पहिल्यांदा ऐकत नव्हता.

"थंडीत पत्रा वाजतो," तो म्हणाला.

"रोज वाजतो?"

"दार नीट लागलं की वाजतो. आणि ते कधी चुकीचं लागलेलं नसतं. तुमच्यासारख्यांपेक्षा बरं काम आहे त्याचं. अजून काही विचारायचंय?"

ब्रिनच्या अंगावर काटा आला, आणि भीतीच्या मागोमाग असा संताप आला की तिचे कान तापले. पोराला खुर्चीचं गाजर दाखवलं, राबवलं, मारलं, वर निष्काळजी ठरवलं, आणि मेल्यावरसुद्धा हा नालायक त्याच्याकडून दारं तपासून घेत होता! फुकटात! लाज कशी वाटत नाही?

थाप पुन्हा पडली. या वेळी जरा पुढे. मग आणखी पुढे… बाहेरून कुणीतरी पत्र्यावर हात टेकत, अंधारात चाचपडत, तिच्याकडे येत होतं. मॅडिगनचं बोट बटणावर टेकलं.

"थांबा! तो येतोय, दिसत नाही?"

"बाहेर कुणी नाही. गप बस, नाहीतर तिसऱ्या वसंतातही पोती उचलशील."

तिच्या कोपराजवळ दाराची कडी हलली. हळूच. आत येऊ का, असं विचारल्यासारखी.

ही खुर्ची ब्रिनला हवी होती. तिच्यासाठी तिनं काय काय गिळलं होतं! पण आता ती खुर्ची तिला टोचू लागली. तिनं पट्टा सोडला आणि दार उघडलं. बाहेर निव्वळ अंधार, आणि बर्फावर उमटलेली तिची एकटीची पावलं.

"मला नको तुमची खुर्ची," ती मॅडिगनला म्हणाली. "ज्याला कबूल केली होती त्याला द्या."

ती खाली उतरून बाजूला झाली आणि अंधाराकडे तोंड करून म्हणाली, "जा, थिबो. तुझी आहे."

शिडीची खालची पायरी वाकली. मग वरची. दार आतून, अगदी बेतानं, लागलं.

"माल आहे नुसता, एकटा नेतो मी!" डावीकडच्या खिडकीतून मॅडिगन ओरडला. "आणि तू उद्यापासून येऊ नकोस!"

इंजिनं धडधडली. विमान वळलं तेव्हा उजवीकडची काच दंवानं पांढरी झालेली होती, आणि आतून कुणीतरी बाहीनं ती पुसत होतं.

ब्रिन ऑफिसात येऊन शेगडीपाशी बसली. रोझेलानं तिच्यापुढे चहा ठेवला. चहा कधीच निवला. विमान ब्लॅकफिश रिव्हरला पोचायच्या सुमाराला रेडिओ खरखरला.

आवाज मॅडिगनचा नव्हता. कोवळा, फ्रेंच हेल काढून बोलणारा, कामात रमलेला आवाज होता. उंची, वेग, धावपट्टी, सगळं कसं वहीत लिहावं तसं व्यवस्थित सांगत होता. रोझेलाचे डोळे भरून आले. तिनं तोंडावर हात धरला.

"नवा माणूस वाटतं?" ब्लॅकफिशच्या धावपट्टीवरचा आयझॅक रेडिओवर हसत म्हणाला. "अभिनंदन, पोरा! विमानात किती जण?"

"एकच."

"एकटाच? मग माल उतरवायला कुणीतरी पाठवतो मी."

"नको," आवाज म्हणाला. "माल उतरवायला माणूस आहे माझ्याकडे. त्याच्या खुर्चीचं वसंतात बघू."