जन्मगाव करंजखेडा

वाचनालयातल्या कूलरनं अचानक जोर धरला आणि भावनासमोरचा कागद उडून पलीकडच्या टेबलावरच्या मुलाच्या छातीवर जाऊन चिकटला.

"दे ना इकडे!"

"काहून देऊ? तो स्वतःच आला माझ्याकडे," मुलगा हसला.

काय पण हसू होतं! भावनाला क्षणभर नागपूरचा मे महिनासुद्धा सुसह्य वाटला.

तो कामठीचा पियुष. भावनाच्या विणकर वस्तीला शंभर वर्षं होत होती आणि पहिली माणसं कुठून आली, हे शोधायचं काम मंडळानं तिच्या गळ्यात मारलं होतं. पियुषचे पणजोबाही त्याच वस्तीतले, म्हणून तोही आला होता. १९३१च्या खानेसुमारीत वस्ती मोजणाऱ्या एका मास्तरांनी स्वतःपुरती नक्कल ठेवली होती. घरोघरची नावं, वयं, जन्मगावं... ती या वाचनालयात जपलेली होती.

मग काय, रोजच भेटी! एक जण वाचणार, दुसरा लिहून घेणार. मध्येच तर्री पोहे. पान उलटताना बोटाला बोट लागलं, तर दोघंही उगाच कूलरकडे बघायची.

"हे काम संपल्यावर काय करशील गा?" एकदा तिनं विचारलं.

"संपू देतो का मी! रोज मुद्दाम हळू वाचून राहिलो..."

मग एका दुपारी तो गंभीर झाला. "भावना, मले तुले एक विचारायचं आहे—"

"थांब, थांब! माझे पणजोबा सापडले. धोंडबा. जन्मगाव करंजखेडा!"

पियुषचा चेहरा खर्रकन उतरला. "करंजखेडा? माझे पणजोबा लहानू... काल तू गेल्यावर सापडले. तेही करंजखेड्याचेच."

त्यांच्या समाजात मूळ गाव एक म्हणजे भावकी, आणि भावकीत सोयरीक नाही! याच कारणावरून तिच्या वडिलांनी, आनंदरावांनी, पुतणीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं. एका ओळीनं घात केला होता.

"म्हणजे मी तुझा—"

"नको म्हणू!" ती एवढ्या जोरात ओरडली की सगळं वाचनालय वळून बघू लागलं.

"काय विचारायचं होतं तुले?" तिनंच मग विचारलं.

"आता काय विचारू वं..." म्हणत तो उठला. हेल्मेटसुद्धा टेबलावरच राहिलं. त्या रात्री भावनाला जेवण गेलं नाही.

सकाळी घरात गडबड होती. मोनालीवहिनी पहिल्या बाळंतपणाला माहेरी, उमरेडला निघाली होती. आनंदराव तिची बॅग बांधत होते.

"बाबा, बाळाच्या दाखल्यावर जन्मगाव उमरेड लागन?" मोनालीनं विचारलं.

"मंग काय लागन? तुह्या दाखल्यावर भंडारा नाही का, तुह्या मायचं माहेर? म्हणून तू काय भंडाऱ्याची झाली?"

भावनाच्या हातातली पिशवी धप्पकन खाली पडली. ती तशीच चपला पायात सरकवून वाचनालयाकडे पळाली.

तिथून तिनं फोन केला. पियुष आढेवेढे घेत, शेवटी "हेल्मेट न्यायला" म्हणून आला. तिनं त्याच्यासमोर पान सरकवलं.

"बघ. धोंडबा थोरले, जन्म करंजखेड्यात. पाठचे दोघं भाऊ, जन्म मौद्यात. पहिलं बाळंतपण माहेरी होते, पियुष! आम्ही मौद्याचे. करंजखेडा पणजोबांचं आजोळ आहे."

"अन् आम्ही?"

"तुझ्या लहानूंचे पाचही भाऊ करंजखेड्याचेच. तुम्ही अस्सल तिथले."

तो खुर्ची ओढून बसला. "म्हणजे मी भाऊ नाही... मी तुझ्या पणजोबांच्या मामाच्या गावचा?"

भावना लाजेनं लाल झाली. मामाकडची सोयरीक म्हटल्यावर आनंदराव स्वतः पेढे आणायला धावले असते!

"काल काय विचारून राहिला होता?" तिनं कागदाआडून विचारलं.

पियुषनं त्या जुन्या अक्षरांवरून बोट फिरवलं. मग अगदी हळू म्हणाला, "आपल्या पहिल्या लेकराच्या दाखल्यावर... जन्मगाव काय लागन वं?"

कूलर घरघरत होता, कागद फडफडत होते, आणि या वेळी एकही कागद धरायचं तिला सुचलं नाही.

"नागपूर," ती म्हणाली. "माझं माहेर."