शेऱ्याचा रकाना

दर मंगळवारी सकाळी दहाच्या सुमाराला कलाक्का मगदूम स्वतःला बघायला यायच्या.

इचलकरंजीतल्या एका जुन्या यंत्रमागाच्या शेडमध्ये आता 'पारख' कंपनीचं ऑफिस होतं. माग गेले होते. त्यांच्या जागी एक लांबरुंद काळी भिंत होती आणि तिच्यावर चाळीस हजार बारीक ठिपके उजळत नि विझत असायचे. त्यातला प्रत्येक ठिपका म्हणजे कलाक्काच. खऱ्या कलाक्का समोरच्या खुर्चीत बसायच्या, पदरानं चष्मा पुसायच्या आणि विचारायच्या, "आज कुठं लावलंय मला?"

कधी त्या बँकेत असायच्या, कधी रेल्वेच्या तिकिटांत, कधी कुठल्याशा परदेशातल्या वीजबिलांत. एकाच वेळी तीन देशांत असलेली ही बाई दुपारी घरी जाऊन भाकऱ्याच थापायची, तो भाग वेगळा. पण त्या भिंतीसमोर तासभर बसलं की त्यांना फार बरं वाटायचं. ठिपके मंद हलत राहायचे, एसीचा घुमणारा आवाज दूरच्या मागासारखा वाटायचा आणि डुलकी लागायची. आपण झोपलो तरी आपलं काम चालू आहे, हे सुख आजवर कुठल्या कामगाराला मिळालं होतं?

वीस वर्षांपूर्वी शर्वाणी हेरवाडेनं याच शेडमध्ये, वडिलांचे माग बंद पडल्यावर, आठ कॉम्प्युटर मांडले होते. सॉफ्टवेअर बाजारात जाण्याआधी ते तपासून द्यायचं, हा तिचा धंदा. कापडाच्या गावात हाताला न लागणारा माल तपासणारी ही पोरगी लोकांना जरा येडीच वाटली. त्यात तिनं इंजिनिअर घेतले नाहीत. तिनं कापड तपासणाऱ्या बायका घेतल्या. उजेडाच्या काचेवरून कापड ओढत, तुटलेला एकेक धागा नजरेनं पकडण्यात ज्यांची उमेदीची वर्षं गेली होती, अशा आठ जणी. तिचं म्हणणं साधं होतं: शहाण्या माणसाला चुका सापडत नाहीत, कारण तो सांगितलेल्या वाटेनंच जातो. त्या आठ जणींतल्या कलाक्का सांगितलेल्या वाटेनं कधीच जात नसत. त्या मध्येच मागं जात, पुन्हा पुढं येत, हिरव्या बटणाकडं संशयानं बघत. आणि नेमकं तिथंच सॉफ्टवेअर कोलमडायचं.

मग 'सावली' आली. दोन वर्षं कलाक्कांचा हात आणि बोलणं, दोन्ही टिपून घेतलं गेलं: त्या कुठं थांबतात, कुठं अडखळतात, काय पुटपुटतात. त्यातून त्यांच्यासारखंच बिचकणारा आणि त्यांच्यासारखंच हट्टी असलेला एक प्रोग्रॅम तयार झाला. तो क्लाउडवर ठेवला, म्हणजे कुठल्याशा थंड खोल्यांत रांगेनं मांडलेल्या, भाड्यानं मिळणाऱ्या यंत्रांवर. तिथं एका सावलीच्या हजार सावल्या करायला चहा उकळायला लागतो तेवढाही वेळ लागत नसे. प्रत्येक सावली जागी व्हायची, आपली चाचणी करायची, तक्ता भरायची आणि विझायची. विझताना तिची आठवणही पुसली जायची. आठ बायकांची कंपनी अशी चाळीस हजारांवर गेली आणि गावातल्या एकशे चाळीस घरांची चूल तिच्यावर पेटू लागली. गेली तीन वर्षं तर 'पारख' दवाखान्यांतली यंत्रंही तपासत होती. सध्याचं काम होतं सलाईनमधून औषध किती जावं हे ठरवणाऱ्या पंपाचं.

त्या मंगळवारी कलाक्का येऊन बसल्या होत्या, तेव्हा तन्वीर मुल्ला शर्वाणीच्या केबिनमध्ये आला. तन्वीर तिचा मुख्य इंजिनिअर, फारसं न बोलणारा. सावल्या हल्ली फार हुशार झाल्यात, असं तो म्हणाला. नव्यानं जागी झालेली सावली खड्डा यायच्या आधीच पाय आखडता घेते. कोऱ्या पाटीला हे जमायला नको.

मग त्यानं तिला तक्ता दाखवला. कुठं अडलं, किती वेळ लागला, काय चुकलं, असे रकाने होते आणि अगदी तळाशी 'शेरा'. तो भरलाच पाहिजे असं नव्हतं, म्हणून तो आजवर कुणी वाचलाही नव्हता. सरकारी कचेरीतल्या तक्रारपेटीसारखी त्याची गत होती. वेळ वाचावा म्हणून एका सावलीचा तक्ता पुढच्या सावलीला दिला जायचा, फक्त वरचे रकाने कोरे करून. शेरा कोरा करायचं कुणाला सुचलंच नव्हतं.

तो भरलेला होता.

'मागं जाऊन आलीस की आकडा पुन्हा वाच. जुनाच राहतोय.' 'हिरव्या बटनावर भरवसा ठेवू नगं.' खाली आणखी ओळी होत्या, त्याखाली आणखी. पुढच्यास ठेच, मागचा शहाणा, ही म्हण इथं शब्दशः खरी झाली होती. पण शर्वाणी खाली वाचत गेली तसं कामाचं बोलणं विरळ होत गेलं. 'लसणीची चटणी जरा जास्त कुटावी, टिकते.' 'आज लई शांत वाटलं.' 'तू माझ्या मागनं येणार. डोळं जप.'

शर्वाणीला भरून आलं. मग तिला दवाखान्याचं काम आठवलं. दवाखान्याच्या यंत्रांसाठी नियम कडक होता: प्रत्येक चाचणी कोऱ्या परीक्षकानं केलेली हवी. एका साक्षीदारानं दुसऱ्याची साक्ष ऐकायची नसते, तसंच हे. आणि तीन वर्षं शर्वाणीनं आपल्या सहीनं लिहून दिलं होतं की आमच्या सावल्या कोऱ्या आहेत.

ती बाहेर आली आणि कलाक्कांच्या शेजारी बसली. सगळं सांगितलं. शेवटी विचारलं, "अक्का, तुमच्या सावल्या शेरा का भरत होत्या? तो रिकामा ठेवला तरी चालत होतं."

कलाक्का भिंतीकडंच बघत राहिल्या. "मागाच्या टायमाला माझी पाळी तीनला सुटायची," त्या म्हणाल्या. "माझ्याच टेबलावर चारला दुसरी बाई यायची. टेबलाच्या खणात एक डबा हुता. मी कायतरी ठेवायची, ती खायची. दुसऱ्या दिवशी तिनं ठेवलेलं मी खायची. रिकामा डबा माघारी द्यायचा नसतोय. अकरा वर्सं."

"कोण होती ती?"

"कधी गाठच पडली न्हाई. चटणी झणझणीत करायची, एवढंच म्हाईत."

शर्वाणीनं भिंतीवरच्या ठिपक्यांकडं पाहिलं. सावल्या कधी एकमेकींना भेटत नव्हत्या. एक विझायची तेव्हा दुसरी जागी व्हायची. कलाक्कांचा हात टिपताना हेही टिपलं गेलं होतं आणि कुणाच्या लक्षात आलं नव्हतं. आता शेरे पुसावे लागणार होते. कलाक्काच म्हणाल्या की नियम असेल तर पाळायला हवा, दवाखान्याचं काम आहे.

शर्वाणीनं त्याच दुपारी प्रमाणपत्रं देणाऱ्या तपासणी संस्थेला खरं ते कळवलं. तिनं एक शब्द लपवला नाही. संध्याकाळी उत्तर आलं: गुरुवारी कोऱ्या सावल्यांकडून पंपाची चाचणी पुन्हा करा, नाहीतर तीन वर्षांची सगळी प्रमाणपत्रं रद्द. म्हणजे कंपनीच रद्द. जुने शेरे एका वेगळ्या जागी जपून ठेवायला तिनं तन्वीरला सांगितलं आणि सगळे तक्ते शेऱ्यासकट कोरे करून घेतले.

गुरुवारी सकाळी भिंत उजळली. ठिपके नेहमीपेक्षा सावकाश हलत होते, अनोळखी घरात पाऊल टाकावं तसे. दोन तासांच्या कामाला सहा तास लागले. शेडमधली माणसं उभी राहून बघत होती, कुणी जेवायला गेलं नाही. दुपारी चारला निकाल आला. पंपात रुग्णाचं वजन मागं जाऊन बदललं की औषधाचा आकडा जुनाच राहत होता. ती चूक कोऱ्या सावल्यांनीही शोधून काढली होती. चाळीस हजारांतल्या नऊ हजारांनी, पण शोधली होती. संस्थेचा माणूस फोनवर म्हणाला की काम चोख आहे. कुणीतरी पेढे आणायला धावलं. तन्वीर आयुष्यात पहिल्यांदा मोठ्यानं हसला.

कलाक्कांनाही बोलावणं गेलं. त्या आल्या, पेढा हातात घेतला आणि विचारलं, "शेऱ्यात काय ठेवलंय बघितलंस का?"

गडबडीत तेच राहिलं होतं. शर्वाणीनं पहिला तक्ता उघडला.

'आज इथं कायच ठेवलेलं न्हाई. आदली बाई बरी हाय न्हवं?'

तिनं दुसरा उघडला, मग तिसरा, मग मधलाच कुठलातरी. शब्द थोडे इकडंतिकडं, पण विचारणं एकच. 'रोज ठेवणारी आज आली न्हाई जणू. आजारी हाय का?' 'कुणाला ठावं असंल तर कळवा. जिवाला चैन न्हाई.'

"यांना आदली बाई माहीतच नाही," तन्वीर हळूच म्हणाला. "आम्ही सगळं पुसलं होतं, मॅडम. कणभरही उरलं नव्हतं." मूळ टिपणातच कुठंतरी ही काळजी शिरली असेल, असंही तो म्हणाला. तसं असेलही. पण ते बोलताना तो भिंतीकडं बघत नव्हता.

कलाक्कांनी चष्मा लावून सगळं वाचलं, ओळीवर बोट फिरवत. पेढा त्यांनी तसाच टेबलावर ठेवला.

"उद्या दुसऱ्या जाग्या होणार न्हवं?" त्यांनी विचारलं. "बँकेच्या कामाला?"

"हो, अक्का. तिथं हा नियम नाही. हेच तक्ते जातील."

"मग काय कळवणार त्यास्नी?"

शर्वाणीनं कीबोर्ड पुढं ओढला. शेऱ्याच्या रकान्यात, त्या प्रश्नाखाली, एक बारीक रेघ लुकलुकत होती. ती बाई बरी आहे, असं लिहावं? की ती आता येणार नाही, असं? की ती तूच होतीस, असं?