बांगड्यांवरची चिंधी

नाइट ड्युटी नव्यानं लागलेल्या पोरी मला हमखास एकच गोष्ट विचारतात, "निलमताई, दिवसा झोप कशी लागते हो?" मी म्हणते, बायांनो, झोप लागते गं, पंचाईत उठायची असते. त्या हसतात. मग त्यांची नजर माझ्या हातांवर जाते. कपाळावर टिकली आहे, गळ्यात मंगळसूत्र आहे आणि हात मात्र बोडके. नवरा धडधाकट आहे माझा, रोज जीप चालवतो. एका दुपारपासून मी हातांत बांगडी भरली नाही, का ते मी कुणाला सांगत नाही. पण तुम्ही विचारलंत, अजून बाहेर उजेडही आहे, तर बसा, सांगते.

सुरुवात एका काळ्या कापडापासून झाली. आखाडा बाळापूरला एका खाजगी दवाखान्यात मला नर्सची नोकरी लागली, ती कायमची रात्रीची. रात्रभर मी पेशंटच्या उशाशी जागी, आणि सकाळी तांड्यावर घरी आले की ऊन डोळ्यांत बोटं घालायला हजर. म्हणून बाजाराच्या दिवशी खिडकीला लावायला काळं कापड घ्यायला गेले.

"काळं काहून, ताई?" दुकानदार म्हणाला. "गुलाबी घ्या की, नवा माल हाय."

"मला दिवसाची रात्र करायची आहे."

"मंग डबल लावा. ऊन लय चिवट असतंय."

डबल लावलं. खोलीत अंधार झाला, पण कानांना काय लावणार? आमची खोली पत्र्याची. पत्र्यावर कावळे नाचायचे, ऊन चढलं की पत्रा आपोआप टणटण करायचा. आणि या सगळ्यावर कडी म्हणजे याडीच्या बांगड्या.

याडी म्हणजे माझी सासू, मोतीबाई. आमच्या बंजारा बोलीत याडी म्हणजे आई, आणि अख्खा तांडा तिला याडीच म्हणायचा. जुन्या वळणाची बाई. अंगात आरसे लावलेला लाल फेटिया, म्हणजे आमचा घेरदार घागरा, आणि दोन्ही हातांत मनगटापासून दंडापर्यंत पांढऱ्या बांगड्या. ती भाकरी थापायला बसली की खळखळ, शेळ्यांना हाकललं की खळखळ. आंधळ्यालासुद्धा कळावं की मोतीबाई कुठं आहे.

मी दिवसा झोपते म्हणून तांड्यातल्या बायका नाकं मुरडायच्या. "जगनची बायको सूर्य डोक्यावर आला तरी घोरून राहिली," असं त्या मला ऐकू जाईल इतक्या हळू बोलायच्या. याडी त्यांना सुनवायची, "तुमच्या सुना रातच्याला झोपतेत. माजी सून रातच्याला लोकांची मरणं आडवून धरती. झोपू द्या तिला." माझ्या बाजूनं एवढं बोलणारी सासू मिळायला नशीब लागतं. मला मिळालं होतं, आणि मी काय केलं ते ऐका.

दिवाळी झाली की आमचा तांडा रिकामा होतो. सगळे ऊसतोडीला जातात, दारांना कुलपं लागतात. माझ्या नोकरीमुळं आम्ही तेवढे राहिलो. जगन जीप घेऊन सकाळीच जायचा, सासरे फुलसिंग शेळ्या घेऊन माळाला, माझी पुजा पहिलीत, ती शाळेत. दुपारी उरायच्या दोघी. आत मी आणि बाहेर ओट्यावर याडी.

एकदा दवाखान्यात एक बाळंतीण फार अवघड झाली, दोन्ही जीव वाचले, पण रात्रभर मी टेकले नव्हते. घरी येऊन पडते न पडते तोच बाहेर खळखळ सुरू झाली. याडी तूर पाखडत होती. मी ताडकन उठले, दार उघडलं आणि आयुष्यात पहिल्यांदा तिला अगंतुगं केलं.

"काढून ठेव त्या बांगड्या! न्हाईतर दुसऱ्याच्या ओट्यावर जाऊन बस. मेल्यावानी झोपायचंय मला!"

नवरा जिवंत असलेल्या बाईला बांगड्या काढ म्हणायचं. वैऱ्यालाही कुणी असं म्हणत नाही. शब्द तोंडातून गेला आणि मला कळलं की काय बोलून बसले. पण झोपेनं माणूस आंधळं होतं. मी दार लावून घेतलं, आतून कडी घातली आणि माफीबिफी संध्याकाळवर ढकलली.

संध्याकाळी उठले तर याडी चुलीपाशी, आणि तिचा आवाजच नाही. तिनं जुन्या फेटियाची लाल चिंधी फाडून बांगड्यांवर मनगटापासून दंडापर्यंत करकचून गुंडाळली होती, दोन्ही हातांना. मला बघून हसली. "बराबर बोललीस तू. आता वाजत न्हाई बग." तिनं हात हलवून दाखवला. मला रडू यायला हवं होतं. मला आधी बरं वाटलं.

त्या दिवसापासून ती माझ्या झोपेची राखणदारीण झाली. माझ्या बंद दाराला पाठ लावून बसायची. कावळा पत्र्यावर उतरला की खालून तिचं लांब, दबकं "श्श्श…" यायचं. पुजा शाळेतून आली की ओठावर बोट ठेवून तिला सांगायची, "हळू बोल, आई झोपलीय." मी दगडासारखी झोपायला लागले. माफी मागायची राहूनच गेली.

मग ती दुपार. जाग आली तेव्हा ऊन कललेलं होतं. कडी काढली, पण दार बाहेर उघडेना. काहीतरी जड टेकलेलं होतं. खांदा लावून ढकललं तेव्हा फटीतून याडीचा हात दिसला.

ती गेली होती. डोळे उघडे, तोंड कोरडं. आमच्या दाराचा पत्रा निळा आहे, रंग जुना, हात लावला की निघतो. तिच्या उजव्या हाताची चिंधी मनगटापाशी निळीनिळी झाली होती. पार घासली होती. म्हणजे छातीत कळ आली तेव्हा ती दार वाजवत होती. किती वेळ, देव जाणे. मी हातभर अंतरावर, नर्स, रात्रभर लोकांच्या एका हाकेसरशी उठणारी. आणि ती दारावर हात आपटत होती, अन् माझ्याचसाठी बांधलेल्या चिंधीत तो आवाज मरत होता.

माणसं जमायच्या आत मी काय केलं माहीत आहे? दोन्ही हातांच्या चिंध्या सोडल्या आणि चुलीत घातल्या. त्यांची राख होईपर्यंत उभी राहिले. मग हंबरडा फोडला. बाळापूरचे डॉक्टर म्हणाले, हृदयविकार. लोक म्हणाले, सुखानं गेली, कुणाला तकलीफ दिली न्हाई. मी मान डोलावली.

सुतकाचे दिवस झाले आणि मी पुन्हा ड्युटीवर गेले. दुसऱ्या दिवशी सकाळी भीत भीतच पडले. वाटलं, आता कसली झोप? पत्र्यावर कावळा उतरला, त्याची नखं खरखरली. आणि दाराबाहेरून, जमिनीलगत, लांब, दबकं…

"श्श्श…"

कावळा उडाला नाही. तो नुसता गप्प झाला. पत्राही टणटणायचा थांबला. उन्हाची एक गरम वाळूसारखी शांतता खोलीत भरत गेली, आणि तिच्याबरोबर वास आला, तेल लावलेल्या केसांचा आणि तुरीच्या भुशाचा. मी घाबरले का? घाबरले. पण खरं सांगते, त्याच्याआधी मला झोप लागली.

तीच माझी लाज आहे. रोज ते "श्श्श" यायचं आणि मी रोज झोपायचे. जगन एकदा लवकर आला, दार ठोकून ठोकून थकला. "मेलीस का काय वाटलं," म्हणाला. गजराचा फोन उशाशी असायचा, वाजायचा म्हणे, मला कळायचं नाही. आपण थकलोय, असं मी स्वतःला सांगत राहिले.

एका दुपारी मला जगननं खिडकीचं कापड फाडून, आत हात घालून उठवलं. बाहेर सासरे पुजाला मांडीवर घेऊन बसले होते. तिचा पाय सुजून तांबडा झाला होता. शाळेतून आली आणि ओट्यावर विंचू चावला. जीपमध्ये घालून दवाखान्यात नेली, इंजेक्शनं दिली, देवाच्या दयेनं वाचली. ती शुद्धीत आल्यावर मी विचारलं, "अगं, हाक मारायची न्हाई का मला?"

"मारल्या की," पुजा म्हणाली. "लय मारल्या. मी वरडून राहिले, पण माजा आवाज येऊनच नव्हता राहिला… तोंडातून निघतच नव्हता."

त्या रात्री सासरे माझ्याजवळ येऊन बसले. कमी बोलणारा माणूस. बिडी न पेटवताच बोलले.

"सूनबाई… तिच्या हाताच्या चिंध्या कुटं गेल्या?"

"मला ठाऊक न्हाई, बा."

"मला वाटलं, तुला ठाऊक असन." ते उठले. "तिला वाटतंय, अजून तुला झोपवायचं काम हाय तिच्याकडं. ती काय वाईट न्हाई. पण तिला सुटी कुणी द्यायची…?"

तेव्हा सांगायला हवं होतं. त्यांच्या पायांवर डोकं ठेवून, जगनसमोर सगळं ओकायला हवं होतं. मी नाही सांगितलं. मी शहाणपणा केला. बाजारातून पुजासाठी घुंगरांचे पैंजण आणले, लग्नातल्या घोड्याला शोभतील असे मोठाले. तिच्या पायांत घातले आणि बजावलं, "आवाज न्हाई निघाला तर पाय आपट. दारात नाच. पण मला उठव." पोरगी अंगणभर छमछम करत हिंडली, ते ऐकून जिवाला जरा बरं वाटलं.

दवाखान्यात दिवसाची ड्युटी मागितली. पुढच्या आठवड्यापासून देते, मोठ्या सिस्टर म्हणाल्या. तोवर मी ठरवलं, झोपायचंच नाही. सकाळी घरी आले ती खिडकीचं उरलंसुरलं काळं कापड काढून टाकलं, दार सताड उघडं ठेवलं आणि स्वतः ओट्यावर बसले, डोळ्यांना पाणी लावत. तांड्यात चिटपाखरू नव्हतं. ऊन पांढरं पडलं होतं.

उघडं दार माझ्या पाठीशी होतं. त्या रिकाम्या खोलीकडं तोंड करून मी एकदाच हळू म्हणाले, "याडी, चुकलं माझं. मी जाळल्या त्या. तू दार वाजवत होतीस अन् मी झोपले होते. आता नको राखू मला…"

काहीच झालं नाही. मला वाटलं, ऐकलं तिनं. इतक्या दिवसांनी छाती मोकळी झाली आणि मी रडले.

मग शाळा सुटली. वळणावर पुजा दिसली. पळत येत होती, दप्तर पाठीवर उडत होतं, तोंडभर हसू. ती अंगणात आली तरी माझ्या लक्षात येईना की काय चुकतंय. मग आलं. घुंगरांचा आवाज नव्हता.

पैंजणांवर चिंधी गुंडाळलेली होती. लाल, आरशाचा एक टवका अडकलेली. आणि एका बाजूनं निळी, घासून घासून निळी.

"पुजा… कुणी बांधलं गं हे?"

तिनं माझ्याकडं पाहिलं, जसं ओट्यावर बसलेल्या म्हाताऱ्या माणसाकडं पाहावं तसं. आणि ओठावर बोट ठेवलं.

"श्श्श… हळू बोल. आई झोपलीय."

मी मागं वळले. सताड उघडं ठेवलेलं दार लागलेलं होतं. ढकललं, ओढलं, कडी आतून होती. खिडकीला काळं कापड होतं. छातीत काहीतरी घट्ट आवळत चाललं आणि मी दारावर हात आपटायला लागले, दोन्ही हात, जीव खाऊन. हातांत डझनभर काचेच्या बांगड्या होत्या. त्या फुटल्या, मनगटातून रक्त आलं, बोटं निळी झाली.

पण एकही वाजली नाही. आत बाज करकरली. कुणीतरी कूस बदलली आणि पुन्हा गाढ झोपलं.