तळहातांची खाज थांबली तेव्हा

मी अशा गोष्टी लिहिणारी बाई नाही. शहाडच्या एका शाळेच्या ऑफिसात नोकरी करते. भुताखेतांवर माझा विश्वास नव्हता, आमच्या घरात तसलं काही मानतही नाहीत. पण हे माझ्या सख्ख्या बहिणीच्या बाबतीत झालं, माझ्या डोळ्यांदेखत झालं. एकही शब्द वाढवून सांगत नाहीये.

तारीख ११ एप्रिल २०२३. मंगळवार. जागा टिटवाळा.

आणि रात्र नव्हती. भर दुपार होती.

आम्ही, म्हणजे मी नीला आणि माझी आई रंभा, त्या वर्षी जानेवारीत टिटवाळ्याला भाड्याने राहायला आलेलो. नवी बिल्डिंग, सहावा मजला. एका मजल्यावर दोनच फ्लॅट. आमचा ६०१. समोरच्या ६०२ ला कुलूप. अर्धी बिल्डिंग रिकामीच होती, त्यामुळे त्याचं काही वाटलं नाही.

फेब्रुवारीच्या शेवटी माझी धाकटी बहीण अमृता बाळंतपणासाठी नाशिकहून आली. पहिलंच बाळ. तिला आतली खोली दिली. दारं समोरासमोर असली तरी त्या खोलीची एक भिंत ६०२ ला लागून होती.

मार्चच्या वीस-बावीस तारखेला तिचे तळहात खाजायला लागले.

पुरळ नाही. लाली नाही. हात अगदी स्वच्छ. पण आतून खाज. मग तळपायही. ती कंगव्याने घासायची, पलंगाच्या कडेवर घासायची. झोप उडाली पोरीची.

तिचा नवरा प्रशांत फोनवर म्हणाला, "अगं, लॉटरी लागणार तुला!" आई म्हणाली, "उष्णता आहे. खोबरेल तेल चोळ." आम्ही तेल चोळलं. कोपऱ्यावरच्या डॉक्टरांनी गुलाबी लोशन दिलं, अॅलर्जीची गोळी दिली. भांड्याचा साबण बदलला. काही उपयोग नाही.

आणि मग एक दिवस मला तो आवाज आला.

माझी ड्युटी सकाळची. दोन-अडीचला घरी येते. त्या दिवशी आई हॉलमध्ये आडवी झालेली. मी पाणी पीत होते. आतल्या खोलीतून आवाज आला...

खस्स... खस्स... खस्स...

कोरडा तळहात खरबरीत भिंतीवर घासावा तसा.

मला वाटलं अमृताच असणार. दार ढकललं. "अगं, सालपटं निघतील ना, नको घासूस..."

अमृता गाढ झोपली होती. दोन्ही हात उशीखाली.

आवाज चालूच होता.

भिंतीच्या पलीकडून.

मी स्वतःला समजावलं. कुणीतरी फ्लॅटचं काम काढलं असेल, घासकाम चालू असेल. बाहेर येऊन बघितलं. ६०२ चं कुलूप जागच्या जागी. कुलपावर धुळीचा थर. दाराच्या कोपऱ्यात कोळ्याचं जाळं, अख्खं.

मी कुणाला काही बोलले नाही. ही माझी पहिली चूक.

एप्रिल लागला आणि अमृताची खाज कमी झाली. चेहरा एकदम शांत दिसायला लागला. दुपारभर झोपायची. आईला बरं वाटलं.

मी विचारलं, "काय लावलंस गं?"

"काही नाही. शेजारच्या वहिनी येतात ना दुपारी, त्या माझे हात थंड पाण्यात धरून बसतात. लगेच बरं वाटतं."

"कोण वहिनी?"

"समोरच्या. त्यांना पण असंच झालेलं म्हणे. तळहात, तळपाय, सगळं सेम."

मी आईकडे बघितलं. आई म्हणाली, "मी तर दारासमोरच पडलेली असते. मला नाही दिसलं कुणी."

"तू घोरत असतेस, आई," अमृता हसली.

मी खोलीत गेले. पलंगाखाली प्लास्टिकचा टब होता. काठोकाठ भरलेला. मी बोट बुडवलं आणि पटकन काढलं...

बर्फासारखं पाणी.

आता ऐका. आमच्या बिल्डिंगला पाणी यायचं सकाळी तासभर आणि संध्याकाळी तासभर. दुपारी नळ कोरडे. पिंपात भरून ठेवलेलं पाणी एप्रिलच्या उन्हात चहासारखं गरम व्हायचं. आमच्या फ्रीजमध्ये दोन बाटल्या होत्या आणि त्या दोन्ही भरलेल्या होत्या.

मग हे पाणी आलं कुठून?

मी अमृताला बजावलं, दुपारी कुणाला दार उघडायचं नाही. ती माझ्याकडे विचित्र नजरेने बघत राहिली.

"मी कुठे उघडते दार?" ती म्हणाली.

सोमवारी, म्हणजे १० तारखेला, शाळेत मी हे क्षिप्राला सांगितलं. क्षिप्रा माझ्या बाजूच्या टेबलवर बसते. पाणी, वहिनी वगैरे काही नाही सांगितलं, फक्त खाजेचं सांगितलं. डबा खाता खाता तिचा हात थांबला.

"नीला, आठव्या-नवव्या महिन्यात तळहात खाजतायत? पुरळ नाही? अगं, आत्ताच्या आत्ता डॉक्टरला फोन कर. माझ्या जावेला झालेलं हे."

अमृताचं नाव कल्याणच्या एका हॉस्पिटलमध्ये घातलेलं. तिथल्या डॉक्टर मॅडमना फोन लावला. त्यांचा आवाज एकदम बदलला.

"मला आधी का नाही सांगितलंत? गरोदरपणात कधीकधी लिव्हरचं पित्त रक्तात साठतं. त्याने तळहात-तळपाय खाजतात. आईला त्रास होतो, पण खरा धोका बाळाला असतो. रक्त तपासावं लागेल, गोळ्या चालू कराव्या लागतील, बाळावर लक्ष ठेवावं लागेल. उद्या सकाळी घेऊन या."

"पण मॅडम, आता खाज थांबलीय."



"कशाने थांबली?"

सकाळी आणते म्हणाले आणि फोन ठेवला.

मंगळवारी सकाळी अमृता उठेचना. "ताई, किती दिवसांनी झोप लागतेय गं. संध्याकाळी जाऊ ना." शाळेत परीक्षा चालू होत्या. मी म्हटलं बरं, दुपारी येते आणि घेऊन जाते. आईला सांगितलं, तिच्याच खोलीत बस, हलू नकोस.

मी गेले. ही दुसरी चूक. या चुकीसाठी मी स्वतःला माफ केलेलं नाही.

दुपारी सव्वातीनला मी दार उघडलं. हॉलचा पंखा चालू. आई तिथेच जमिनीवर झोपलेली. तिला सांगितलं होतं आतल्या खोलीत बस... आणि आई अशी झोपत नाही. हाका मारल्या, हलवलं, तेव्हा कुठे डोळे उघडले.

"मी इथे कधी आले?" ती म्हणाली.

आतल्या खोलीचं दार बंद होतं.

मी कडीला हात लावला आणि आतून आवाज आला. बाईचा. हळू, मायेचा. लहान मुलाला थोपटताना बोलतात तसा...

"झोपू दे... तीही झोपली... आता नाही खाजणार..."

माझ्या बहिणीचा आवाज नव्हता तो.

मी दार ढकललं.

खोलीत अमृता एकटीच होती. जमिनीवर, ६०२ च्या भिंतीला टेकून बसलेली. दोन्ही हात मनगटापर्यंत टबात. डोळे अर्धे मिटलेले. मी तिचे हात बाहेर ओढले. तळहात पांढरेफटक पडलेले, सुरकुतलेले... तासन् तास पाण्यात ठेवल्यासारखे.

तिच्या शेजारी फरशीवर ओल होती. कुणीतरी ओल्या कपड्यांनी मांडी घालून बसून उठावं, तेवढी.

"अमृता! बाळ हलतंय का? अमू, बघ माझ्याकडे. बाळ हलतंय का?"

ती गोड हसली.

"झोपलीय ती. सकाळपासून झोपलीय."

मला पुढचं नीट आठवत नाही. आईने आणि मी तिला उभं केलं. बाहेर आणलं. मी लिफ्टचं बटण दाबलं. लिफ्ट तळमजल्यावर होती.

आम्ही तिघी ६०२ च्या दारासमोर उभ्या.

एक... दोन... लिफ्टचा आकडा सरकत होता.

आणि दाराच्या आतून...

खस्स... खस्स...

आईने माझा दंड धरला. तिलाही ऐकू आलं.

खस्स-खस्स-खस्स-खस्स...

आवाज वाढत गेला. आता एक हात नव्हता, दोन होते. वरून खाली, खालून वर. अख्खं दार थरथरत होतं. कुलूप कडीवर आपटत होतं. आणि अमृता त्या दाराकडे जायला बघत होती. मी तिला कमरेला धरून ठेवलं होतं, तरी एवढी नऊ महिन्यांची पोटुशी बाई मला ओढत होती.

"वहिनी रडतायत गं, ताई. सोड ना."

लिफ्ट आली. आम्ही तिला आत ढकललं.

खाली रिक्षा मिळाली, पण मंगळवार. गणपतीच्या देवळात दर्शनाला आलेल्यांची गर्दी, रस्ता तुंबलेला. वॉचमन चांगदेव रिक्षाच्या पुढे धावत, ओरडत वाट काढत होते. आई मागच्या सीटवर अमृताचं डोकं मांडीवर घेऊन त्रिशरण म्हणत होती. आंबिवली गेलं, शहाडचा पूल गेला.

हॉस्पिटलमध्ये पोटाला मशीन लावलं. ठोके होते, पण पडत चालले होते. वीस मिनिटांत ऑपरेशनला घेतलं.

मुलगी झाली. दोन किलोची. पहिले काही क्षण रडलीच नाही. मग रडली.

बाळाला अकरा दिवस काचेच्या पेटीत ठेवलं. तिकडे आमच्या जुन्या वस्तीत १४ एप्रिलच्या जयंतीचे निळे झेंडे लागले होते, आणि आम्ही हॉस्पिटलच्या बाकावर बसून दिवस मोजत होतो. अमृताचे रक्ताचे रिपोर्ट आले. मॅडम म्हणाल्या तेच निघालं, पित्त खूप वाढलेलं. "संध्याकाळपर्यंत थांबला असतात तर..." एवढंच म्हणाल्या.

वाचणाऱ्यांपैकी कुणाच्या घरात गरोदर बाई असेल आणि तिचे तळहात खाजत असतील, तर कृपा करून तेल चोळत बसू नका. रक्त तपासा. बाकी गोष्ट खोटी वाटली तरी एवढं ऐका.

घर रिकामं करायला मी एकटीच गेले, तीही सकाळी. चांगदेवांना ६०२ बद्दल विचारलं. ते म्हणाले, "ताई, तुम्हाला कुणी सांगितलंच नाही का? ६०२ मध्ये जोडपं होतं. बाई पोटुशी. सारखी हात खाजवायची. दुपारी पाणी नसलं की मी खालच्या टाकीतून बादली नेऊन द्यायचो, त्यात हात घालून बसायची. सगळे म्हणायचे उष्णता आहे. एक दिवस म्हणाली, दादा, आज खाज नाही, आज बरं वाटतंय. त्याच रात्री दवाखान्यात नेलं. मुलगी पोटातच गेली होती."

"आणि ती?"

"चार महिन्यांनी माहेरी वारली. नवऱ्याने येऊन कुलूप घातलं, ते तसंच आहे."

"काय झालं होतं तिला?"

चांगदेवांनी मान हलवली. "कुणाला माहीत नाही."

मी अजूनही ठरवू शकलेले नाही. ती माझ्या बहिणीचा त्रास कमी करायला येत होती, की बाळ न्यायला? तिला खरंच वाटत असेल का, की खाज थांबली म्हणजे सगळं ठीक आहे? अमृताला विचारलं तर ती चिडते. "तुम्ही कुणी माझ्याजवळ बसत नव्हता. ती बसत होती," म्हणते.

आता मुलगी दोन वर्षांची झालीय. छान आहे, धावते, बडबडते. तिचं नाव मी इथे लिहिणार नाही.

नामकरणाच्या दिवशी प्रशांतने कागदावर चार नावं लिहून आणली होती. अमृताने तो कागद बाजूला ठेवला आणि पाचवंच नाव सांगितलं. जुन्या पद्धतीचं, सुंदर. सगळ्यांना आवडलं. निघताना मी तिला जिन्यात गाठलं. विचारलं, कुठून सुचलं?

"वहिनींनी त्यांच्या मुलीसाठी ठरवलेलं," ती सहज म्हणाली. "म्हणाल्या, वाया जाऊ नये."

मी हे आजपर्यंत कुणालाच सांगितलं नाही. प्रशांतला नाही, आईलाही नाही. फक्त मी त्या मुलीला नावाने हाक मारत नाही. बाळा म्हणते, सोन्या म्हणते. ते नाव तोंडाशी येतं आणि जीभ वळत नाही.

गेल्या महिन्यात अमृता चार दिवस राहायला आली होती. आई दिवसभर नातीच्या मागे मागे. तिला भरवत होती, झोपवत होती. तेव्हा माझ्या लक्षात आलं...

आईही तिला नावाने हाक मारत नाही.

एकदाही नाही.